सौर गरम पाणी आणि उबदार जमीन : पिलांच्या शेडला, चॉकीच्या खोलीला परवडते का?

थंडीचे दिवस जवळ आले की ब्रॉयलर करणाऱ्यांच्या आणि रेशीम उत्पादकांच्या बैठकीत एकच विषय निघतो, उबेचा खर्च. गॅस सिलिंडर, कोळसा, विजेचे बल्ब, हीटर यांवर होणारा खर्च उन्हाळ्यात जाणवत नाही, पण डिसेंबरच्या बॅचला तो नफ्यातूनच कापला जातो. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे असले तरी ब्रूडिंगचे इंधन बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याच्याच खिशातून जाते.

अशा वेळी एक कल्पना वारंवार पुढे येते. छतावर सौर बंब बसवायचा, गरम पाणी टाकीत साठवायचे आणि शेडच्या कोब्याखाली पाइप टाकून ते रात्रभर फिरवायचे. जमीन गरम, पिल्ले गरम, गॅस शून्य! परदेशातील घरांचे आणि पोल्ट्री शेडचे व्हिडिओ पाहून अनेकांना हे पटते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर वॉटर हीटरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुलै २०२२ मध्ये तो ५ वरून १२ टक्के झाला होता, म्हणजे दर पुन्हा जुन्या जागी आला. "आता घ्यायला हरकत नाही" असे विक्रेते सांगत असतील, तर त्यांचे म्हणणे कुठे खरे आहे आणि कुठे नाही, हे आकडे मांडून पाहू.

जमीन गरम करण्याचे तंत्र काय आहे?

ही पद्धत थंड प्रदेशातील घरांची. युरोपात आणि कोरियात नव्या घरांच्या फरशीखाली प्लास्टिकचे बारीक पाइप टाकतात आणि त्यातून कोमट पाणी फिरवतात. आपल्याच देशात काश्मीरमधील हमाम हा याचाच जुना प्रकार आहे. दगडी फरशीखाली लाकडे पेटवून खोली उबदार ठेवायची आणि त्याच जाळावर तांब्याच्या भांड्यात पाणी तापवायचे, अशी ती रचना असते.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिला उकळते पाणी लागत नाही. फरशीचा पृष्ठभाग मोठा असल्याने ३५ ते ४५ अंश सेल्सिअसचे पाणी पुरते. माणसांच्या खोलीत फरशी २९ अंशांच्या वर नेऊ नये, असा युरोपातील दंडक आहे. कमी तापमानाचे पाणी चालते म्हणूनच सौर बंबाशी या जमिनीची जोडी जमते. बंबाच्या काचा ४० अंशांचे पाणी ७० अंशांच्या पाण्यापेक्षा सहज देतात, कारण पाणी जितके तापते तितकी बंबातून बाहेर वाया जाणारी उष्णता वाढते.

दुसरा गुण हवेचा. शेगडी किंवा गॅस ब्रूडर शेडमधील प्राणवायू वापरतो, कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा सोडतो. बंद पडद्यांच्या शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो पिलांच्या बरोबरीने रात्री शेडमध्ये झोपणाऱ्या माणसाचाही जीव घेऊ शकतो. गरम पाण्याच्या जमिनीत यातले काहीच नाही.

तिसरा मुद्दा आपल्या बाजूचा. डेन्मार्कसारख्या देशात हिवाळ्यात ऊन फारच कमी असते. तिथल्या सिल्केबोर्ग शहरासाठी २०१६ मध्ये दीड लाख चौरस मीटरपेक्षा जास्त सौर काचा बसवल्या, तरी त्यांची बहुतेक उष्णता उन्हाळ्यात मिळते. कॅनडातील ओकोटोक्स गावात ५२ घरांसाठी याहून पुढचा प्रयोग झाला. उन्हाळ्याची उष्णता १४४ कूपनलिकांमधून जमिनीत साठवायची आणि हिवाळ्यात काढायची. २००७ पासून तो चालला, घरांची बहुतेक गरज त्याने भागवली, पण यंत्रणा जुनी झाल्यावर २०२४ मध्ये बंद करावा लागला. महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते. त्यांना उन्हाळ्याचे ऊन हिवाळ्यापर्यंत साठवावे लागते, आपल्याला दुपारचे ऊन पहाटेपर्यंत पुरवायचे आहे. काम कितीतरी सोपे आहे.

इतके सगळे अनुकूल असताना अडते कुठे? हिशेबात.

आधी एक सोपे सूत्र

१,००० लिटर पाणी १ अंशाने थंड झाले की सुमारे १.१६ युनिट उष्णता देते. (युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचेच युनिट.) टाकीतले पाणी संध्याकाळी ६० अंश आणि पहाटे ३५ अंश असेल, तर २५ अंशांचा फरक मिळाला. म्हणजे १,००० लिटरच्या टाकीतून एका रात्रीत साधारण २९ युनिट उष्णता मिळेल.

१९ किलोच्या व्यावसायिक गॅस सिलिंडरमध्ये सुमारे २४० युनिट उष्णता असते. म्हणजे १,००० लिटरची भरलेली सौर टाकी एका रात्रीत सिलिंडरच्या आठव्या भागाचे काम करते. एवढे लक्षात ठेवले तरी कोणत्याही विक्रेत्याचा दावा तुम्हाला जागेवर तपासता येईल.

५,००० पिलांच्या शेडचा हिशेब

समजा ५,००० पिलांसाठी पहिल्या आठवड्यात १,००० चौरस फूट जागा पडदे आणि आडवे छत बांधून वेगळी केली आहे. उंची सहा फूट. आतले तापमान ३२ अंश हवे आणि बाहेर पहाटे १२ अंश आहे. निफाड परिसरात पारा यापेक्षाही बराच खाली जातो.

- एकेरी प्लास्टिकचा पडदा आणि छत असेल तर उष्णतेची गळती सुमारे २० किलोवॉट होते. १२ तासांच्या रात्रीत २४० युनिट, म्हणजे पूर्ण एक सिलिंडर. हवा खेळती ठेवण्यासाठी लागणारी ऊब याखेरीज.
- पडदा आणि छत दुहेरी करून मध्ये दोन-तीन इंच हवेची पोकळी ठेवली तर ही गळती जवळपास निम्मी होते.
- १,००० लिटरचा सौर संच यात २९ युनिट घालतो. एकेरी पडद्याच्या शेडमध्ये हा आठवा हिस्सा, दुहेरी पडद्याच्या शेडमध्ये चौथा हिस्सा.

म्हणजे प्लास्टिकचा दुसरा थर हा हजार लिटरच्या सौर संचापेक्षा चौपट उष्णता वाचवतो आणि त्याचा खर्च संचाच्या मानाने किरकोळ आहे. हा हिशेब बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पैशांचे. संच, टाकी, पंप, कोब्याखालचे पाइप आणि मजुरी मिळून अडीच लाख रुपये धरू. वर्षात सहा बॅच आणि प्रत्येकी दहा रात्री ब्रूडिंग, म्हणजे ६० रात्री. सर्व रात्री कडक थंडीच्या आणि सर्व दिवस उन्हाचे धरले तरी साडेसात सिलिंडर वाचतील. सिलिंडर १,८०० रुपये धरला तर १३,५०० रुपये. पैसे फिटायला १८ वर्षांहून अधिक लागतील. प्रत्यक्षात उन्हाळी बॅचला ऊब कमी लागते, पावसाळी बॅचला ऊन मिळत नाही, त्यामुळे हा काळ आणखी लांबतो. तुमच्या भागातील दर टाकून हिशेब पुन्हा करा. आकडा बदलेल, पण निष्कर्ष बदलणे अवघड आहे.

कारण उघड आहे. हा संच वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी ६० दिवस काम करतो. उरलेले ३०० दिवस काचांवर धूळ बसते.

गादीचा अडथळा

पैशांपलीकडे एक तांत्रिक अडचण आहे आणि ती व्हिडिओत दिसत नाही. आपण शेडमध्ये दोन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरतो. तूस हे उत्तम उष्णतारोधक आहे. खालचा कोबा ४० अंशांवर नेला तरी दोन इंच तुसातून वर फार थोडी उष्णता येते. वरच्या १,००० चौरस फूट जागेत ती जेमतेम एक किलोवॉट भरते. गरज मात्र दहा ते वीस किलोवॉटची. गरम जमिनीवर दोन इंच तूस टाकणे म्हणजे चुलीवर गोधडी पांघरून हात शेकण्यासारखे आहे.

युरोपात ज्या ब्रॉयलर शेडमध्ये जमीन गरम करतात तिथे भिंती आणि छत उष्णतारोधक असतात आणि गादी अगदी पातळ ठेवतात. जमीन कोरडी राहते, गादी सुकते, अमोनिया कमी होतो आणि पायांच्या जखमा घटतात. हे फायदे खरे आहेत. पण ते बंद, वातावरण-नियंत्रित शेडचे फायदे आहेत. दोन्ही बाजूंनी जाळी आणि पडदे असलेल्या आपल्या शेडला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तिसरी अडचण संथपणाची. दोन-अडीच इंचांचा कोबा तापायला सहा ते आठ तास लागतात आणि थंड व्हायलाही तितकाच वेळ. पिल्ले यायच्या दोन दिवस आधी पाणी सोडावे लागते. तिसऱ्या आठवड्यात पक्ष्यांना २४-२५ अंश पुरतात. तेव्हा दुपारी ऊन तापले आणि जमीनही गरम असली, तर व्हॉल्व्ह बंद करूनही जमीन लगेच थंड होत नाही. गॅस ब्रूडर तुम्ही एका क्षणात बंद करता, कोबा बंद करता येत नाही.

म्हणून उघड्या शेडच्या करार ब्रॉयलरसाठी आमचा सल्ला स्पष्ट आहे. आज कोबा फोडून पाइप टाकू नका. तोच पैसा दुहेरी पडदे, छताखालचे आवरण, चिक गार्ड आणि चांगल्या थर्मोस्टॅटच्या ब्रूडरवर घाला.

मग ही पद्धत कुठे बसते?

चार अटी पाळल्या गेल्या तर उबदार जमीन उपयोगी ठरते. खोली पक्की आणि लहान असावी. हवे असलेले तापमान फार जास्त नसावे. काम वर्षातले बरेच दिवस चालावे. जमिनीवर जाड गादी नसावी.

चॉकी संगोपन केंद्र या चारही अटींच्या जवळ जाते. बाल कीटकांना २६ ते २८ अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. एक बॅच सात-आठ दिवसांत निघते आणि केंद्रात मागोमाग दुसरी येते. कोळशाची शेगडी इथे धोक्याची, कारण धूर कीटकांना सोसत नाही. हीटरने हवा कोरडी पडते आणि तुतीची पाने ट्रेमध्ये सुकतात. कोमट जमीन हवा भाजून काढत नाही. तिच्यावर पाणी शिंपडले किंवा ओले पोते अंथरले तर आर्द्रताही आपोआप वाढते.

२० बाय १५ फूट, १० फूट उंच, नऊ इंची विटांची आणि स्लॅबची खोली घेऊ. आत २७ अंश, बाहेर १२ अंश.

- आहे तशी खोली : गळती साडेतीन ते पावणेचार किलोवॉट, रात्रीला सुमारे ४४ युनिट.
- भिंतींना आणि स्लॅबला दोन इंच थर्मोकोल लावून : गळती सुमारे एक किलोवॉट, रात्रीला १२ युनिट.

पुन्हा तोच धडा. थर्मोकोलने गरज पाऊण हिश्शाने कमी केली. आता ५०० लिटरचा सौर संच रात्रीला साधारण १४ युनिट देतो, म्हणजे तो एकटा पुरतो. ३०० चौरस फुटांत एक किलोवॉट द्यायला जमीन खोलीपेक्षा फक्त तीन-चार अंशांनी गरम लागते. हे आवाक्यातले आहे.

थर्मोकोल उघडा ठेवू नका. तो पेट घेतो, उंदीर पोखरतात आणि ब्लीचिंग पावडर किंवा चुन्याने निर्जंतुकीकरण करताना खराब होतो. जाळी लावून गिलावा करा किंवा सिमेंट शीटने झाका. स्लॅबवर तो बाहेरून टाकून वर जलरोधक थर दिला तर उन्हाळ्यातही खोली थंड राहते.

प्रौढ कीटकांचे संगोपनगृह मात्र वेगळे. पत्र्याचे छत आणि चारही बाजूंनी शेडनेट असेल तर त्याची गत ब्रॉयलर शेडसारखीच. तिथे आधी बाजू बंद करण्याची सोय करा.

वराहपालनात पिलांच्या कोपऱ्यापुरती गरम पाण्याची जमीन जगभर वापरतात. तिथे जागा लहान असते, गादी नसते आणि पिल्ले वर्षभर जन्मतात. बियाणे उगवण कक्ष आणि रोपवाटिकेतील ट्रेच्या टेबलाखाली पाइप फिरवणे हाही त्याच जातीचा उपयोग आहे. हिवाळ्यात मिरची, टोमॅटो, कलिंगडाची रोपे उगवायला उशीर होतो, तो मुळांजवळची माती तापवून कमी करता येतो. इथेही गरज काही चौरस मीटरपुरतीच असते.

विजेशी तुलना टाळता येणार नाही

चॉकीच्या खोलीचे १२ युनिट साध्या हीटरने द्यायचे तर १२ युनिट वीज जाते. गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी तेच काम साधारण चार युनिटमध्ये करतो, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये तोच खोली थंड करतो. पाइपमधले गरम पाणी ते करू शकत नाही. एसीने हवा कोरडी पडते, तेव्हा ह्युमिडिफायर किंवा ओली पोती लागतील, हे खरे. तरीही ज्याची खोली आधीच बांधून झाली आहे, त्याने कोबा फोडण्यापेक्षा थर्मोकोल आणि असा एसी हा मार्ग आधी तपासावा.

सरकारी धोरणही गेल्या दहा वर्षांत विजेकडे झुकले आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये सौर बंबांच्या काचांसाठी २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटरचे लक्ष्य होते. त्यासाठीचे भांडवली अनुदान २०१४ मध्ये थांबले. आज मोठी योजना आहे ती पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती आली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे, आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. मात्र हे अनुदान घरगुती जोडणीच्या वीजनिर्मिती पॅनेलला आहे. सौर बंबाला नाही आणि शेडच्या जोडणीलाही नाही. विक्रेता "अनुदान मिळवून देतो" म्हणाला तर कोणत्या योजनेतून आणि कोणत्या जोडणीवर, हे लेखी घ्या.

धोरणाचा हा कल शेतकऱ्याच्या तोट्याचा आहे का? पूर्णपणे नाही. तेवढ्याच जागेत सौर बंब उन्हातली निम्म्याच्या आसपास उष्णता पकडतो, तर पॅनेल पाचव्या हिश्शाएवढी वीज बनवते. पण पॅनेलची वीज वर्षभर कुठे ना कुठे वापरली जाते किंवा नेट मीटरिंगने ग्रीडला जाते. बंबातले पाणी वापरले नाही तर ते तिथेच थंड होते. म्हणून ज्याला उष्णता वर्षातले थोडेच दिवस लागते त्याने विजेचा विचार करावा. ज्याला गरम पाणी रोज लागते त्याला मात्र बंबाइतके स्वस्त दुसरे काही नाही.

रोज गरम पाणी कोणाला लागते?

दूध व्यवसायाला. दूध काढण्याचे यंत्र, कॅन, बल्क कूलर धुवायला ६० अंशांच्या वरचे पाणी दिवसातून दोनदा लागते. २०० लिटर पाणी रोज ३५ अंशांनी तापवायला सुमारे आठ युनिट खर्च होतात. वर्षातले ३०० दिवस ऊन धरले तर २,४०० युनिट. युनिट आठ रुपये धरला तर १९,००० रुपयांच्या वर बचत. २०० लिटरचा संच ४५,००० रुपयांना बसला तरी अडीच वर्षांत पैसे फिटतात. ब्रॉयलर शेडच्या १८ वर्षांशी ही तुलना करून बघा. ऊन तेच, काचा त्याच. फरक फक्त संच वर्षातले किती दिवस कामाला लागतो याचा.

घराचेही तसेच. महाराष्ट्रातील घराला फरशी गरम करण्याची गरज नाही. पण आंघोळीच्या १०० लिटर पाण्यासाठी बंबात रोज तीन-चार किलो लाकूड, पऱ्हाटी किंवा गोवऱ्या जळतात. गोवरी जळते म्हणजे शेतात जायचे शेणखत जळते. सौर बंबाची खरी जागा इथे आहे.

उरलेल्या कोमट पाण्याचा आणखी एक उपयोग हिवाळ्यात करून बघा. थंडीत गोबर गॅस कमी पडतो, कारण संयंत्रातले जिवाणू ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात आणि थंडीत मंदावतात. शेण कालवायला थंड पाण्याऐवजी कोमट पाणी वापरले तर गॅस टिकून राहायला मदत होते. दोन घनमीटरच्या संयंत्राचा दिवसाचा गॅस ११-१२ युनिट उष्णता देतो. थर्मोकोल लावलेल्या चॉकीच्या खोलीची रात्रीची गरजही एवढीच होती.

नवे बांधकाम करणार असाल तर

खोली अजून बांधायची असेल तर सल्ला वेगळा आहे. कोबा एकदाच होतो. त्याखाली पाइप टाकण्याचा खर्च त्या वेळी कमी असतो, नंतर तो कित्येक पटींनी वाढतो. गरम पाणी सौर बंबाने, गोबर गॅसने, लाकडाच्या बॉयलरने की हीट पंपाने करायचे, हे पुढे ठरवता येते. ४० अंशांचे पाणी कुठूनही आले तरी जमिनीला चालते.

- मुरूम दाबून घ्या, त्यावर जाड प्लास्टिक आणि दोन इंच जास्त घनतेचा थर्मोकोल टाका. हा थर वगळला तर निम्मी उष्णता खाली मातीत जाते.
- वर जाळी टाकून १६ मिलिमीटरचे पेक्स किंवा पीई-आरटी पाइप १५ ते २० सेंटिमीटर अंतराने बांधा. एक वेढा १०० मीटरच्या आत ठेवा. कोब्याच्या आत जोड देऊ नका.
- काँक्रीट टाकण्यापूर्वी पाइपमध्ये पाणी भरून दाब तपासा आणि कोबा सुकेपर्यंत दाब तसाच ठेवा. घमेले किंवा फावडे लागून पाइप फुटला तर तेव्हाच कळेल.
- कोबा पाइपच्या वर दोन ते अडीच इंच ठेवा.
- बंबातले ६० अंशांचे पाणी थेट जमिनीत सोडू नका. मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून ४५ अंशांच्या आत ठेवा.
- जमिनीच्या पाइपमध्ये तेच ते पाणी फिरते, त्यामुळे एकदा मऊ पाणी भरले की क्षार साचत नाहीत. आंघोळीच्या किंवा धुण्याच्या बंबाला बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर दरवर्षी सफाई लागेल.
- काचनळ्यांचा संच स्वस्त पडतो, पण गारपिटीच्या आणि माकडांच्या भागात जाळी लावा किंवा सपाट काचेचा संच घ्या.
- पंपाला बॅटरीचा आधार द्या. वीज गेली तर टाकीत पाणी गरम असूनही खोली थंड पडते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : सल्ला देण्यापूर्वी

१. तीन रात्री मोजमाप करा. पिलांच्या किंवा ट्रेच्या उंचीवर कमाल-किमान तापमापक लावून रात्री १०, २ आणि पहाटे ५ ची नोंद घ्या. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर घेतलेली नोंद उपयोगाची नाही.

२. उदबत्ती लावून पडदे, दारे, छताचे सांधे फिरून पाहा. धूर जिथे वळतो तिथे गळती आहे. पण हवा येण्याची जागा पूर्ण बंद करायला सांगू नका. पिलांना आणि कीटकांना ताजी हवा लागतेच.

३. ऊब वर्षात किती रात्री लागते, हे शेतकऱ्याच्या बॅच-नोंदीतून काढा. १०० रात्रींच्या आत असेल तर मोठ्या सौर संचाची शिफारस करताना दोनदा विचार करा.

४. विजेचे बिल पाहा. महावितरणच्या दरपत्रकात कुक्कुटपालन, रेशीम, रोपवाटिका यांच्यासाठी 'शेती-इतर' हा वर्ग आहे. जोडणी व्यावसायिक दराने चालू असेल तर एका अर्जाने होणारी बचत कोणत्याही संचापेक्षा मोठी ठरू शकते.

५. घरगुती सिलिंडर शेडमध्ये वापरले जात असतील तर ते नियमबाह्य आहे, हे स्पष्ट सांगा. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

६. कोटेशनमध्ये काचांचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, टाकीची क्षमता, आवरणाची जाडी आणि बीआयएस चिन्ह लिहून घ्या. साधारण १०० लिटरला दोन चौरस मीटर सपाट काच लागते. क्षेत्रफळ यापेक्षा फार कमी असेल तर पाणी ६० अंशांवर जाणार नाही.

निर्णय कसा घ्यावा?

क्रम लक्षात ठेवा : आधी गळती, मग दिवस, शेवटी यंत्र. पडदे आणि थर्मोकोल यांनी गरज निम्म्यावर किंवा पाव हिश्शावर आणा. मग उरलेली ऊब वर्षात किती दिवस लागते ते मोजा. रोज लागत असेल तर सौर बंब घ्या, कमी झालेला जीएसटी त्यावर मिळणारी छोटी भर आहे. दोन-तीन महिनेच लागत असेल तर चांगला ब्रूडर, गोबर गॅस किंवा गरम-थंड एसी पुरतो. पक्की नवी खोली बांधणार असाल तर कोब्याखाली थर्मोकोल आणि पाइप टाकून ठेवा.

येत्या थंडीची पहिली बॅच टाकण्यापूर्वी एक काम करा. रात्री दोन वाजता शेडमध्ये जा आणि पडद्याच्या खालच्या कडेला हात लावून बघा. तिथे गार वारा लागत असेल, तर तुमचा पहिला खर्च कुठे करायचा ते ठरले.